बर्फावरचा मेकॅनिक उत्तर देतो

गेल्या महिन्याच्या अंकात संपादकांनी माझ्याविषयी चार ओळी छापल्या : वास्कोतल्या सड्यावर राहणारा, अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ तळावर गाड्या आणि जनरेटर सांभाळलेला निवृत्त मेकॅनिक, वाचकांनी त्याला हवे ते विचारावे. पत्रे धरली होती त्याहून जास्त आली. पेंग्विनचे प्रश्न तर इतके की सगळे एकाच उत्तरात कोंबले आहेत. मी शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञांच्या खोल्या गरम ठेवणे आणि त्यांच्या यंत्रांना वीज पुरवणे हे माझे काम होते, त्यामुळे उत्तरेही त्याच बाजूने येतील.

माझा मुलगा डिझेल मेकॅनिक आहे. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत हिवाळी तुकडीसाठी त्याची निवड झाली. तो आनंदात आहे, माझी झोप उडाली आहे. तिथे खातात काय? आजारी पडला तर? गणेशचवथीला घरी येईल का?
— एक आई, फोंडा

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे त्याची टोचणी राहणार नाही. चवथीला तो येणार नाही. हिवाळी तुकडी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास जाते आणि वर्ष उलटल्यावर परतते. मार्च सरत आला की विमाने बंद, जहाजे बंद. पुढचे विमान थेट नोव्हेंबरात. मध्ये काहीही झाले तरी कोणी न्यायला येत नाही, हे तुम्हीही आणि त्यानेही आत्ताच मनाशी धरून ठेवलेले बरे. फोन मात्र लागतो. उपग्रहामार्फत इंटरनेटही असते, तुमचा चेहरा त्याला दिसेल. आमच्या वेळी तेवढी चैन नव्हती.

चवथ तिथेही होते. मूर्ती इथून नेलेली. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पाल्याच्या सजावटीला, आंबाडे, तवशी, हिरवा पाला कुठून आणणार? बाहेरची झाडे, माती, बियाणे तिथे न्यायलाच मनाई आहे. आम्ही स्वयंपाकघरातल्या लाल मिरच्या, सुपाऱ्या आणि वेलची दोऱ्यात ओवून टांगल्या. आमच्यातल्या एका पंजाबी वेल्डरने विचारले, ही नजर उतरवायची पद्धत आहे का?

खाण्याची काळजी करू नका. डाळ-तांदूळ, पीठ, गोठवलेले मांस-मासे, डबाबंद भाज्या यांची कमतरता नसते. आचारी चांगला लागला तर वजन वाढते. ताजी भाजी आणि फळे काही आठवड्यांत संपतात, मग कोथिंबिरीची स्वप्ने पडतात. मोड आलेले मूग हीच काय ती हिरवाई. सोले (आमसुले) आणि सुके सुंगट (कोळंबी) बरोबर द्या, हवाबंद बांधून, आणि आधी मोहिमेच्या कार्यालयाला विचारून.

आजारपणाचे म्हणाल तर जाण्याआधी दिल्लीच्या एम्समध्ये नखशिखांत तपासणी होते, मनाचीही होते. मग उत्तराखंडात औलीला बर्फात चालण्या-राहण्याचे शिक्षण. तळावर डॉक्टर आणि छोटे शस्त्रक्रियागृह असते. दातांचे सगळे काम मात्र इथेच उरकून पाठवा. ही माझी सूचना नाही, हुकूम समजा. काळोखात दाढ दुखण्यासारखे दुसरे दुखणे नाही.

तो तिथे पोचला की एक गोष्ट तुम्हाला फोनवर सांगेलच, तेव्हा आधी माझ्याकडून ऐका. मैत्रीपासून काही किलोमीटरवर रशियनांचा नोवोलाझारेव्स्काया तळ आहे. तिथे १९६१ साली लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरचे ॲपेंडिक्स सुजले. तळावर डॉक्टर तो एकटाच. त्याने आरशात बघत, स्थानिक भूल घेऊन, स्वतःच्या पोटावर शस्त्रक्रिया केली आणि दोन आठवड्यांत कामावर उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या तळांवर हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरला आजही ॲपेंडिक्स आधी काढून यावे लागते. तुमच्या मुलाला तसले काही करावे लागणार नाही.

खरी भीती थंडीची नसते, आगीची असते. हवा कोरडी ठणठणीत, वारा सतत, आणि विझवायला पाणी म्हणावे तर ते गोठलेले. २०१२ च्या फेब्रुवारीत ब्राझीलचा तळ जळला, त्यात दोघे गेले. म्हणून जनरेटरच्या खोलीत तेलाचा एक थेंब जमिनीवर राहू द्यायचा नाही. थंडीचा त्रास माणसापेक्षा यंत्राला जास्त होतो. साध्या डिझेलमधले मेण वेगळे होऊन फिल्टर तुंबतो, म्हणून विमानाच्या इंधनाच्या जातीचे इंधन वापरतात. रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात, बॅटरीतली ताकद निम्म्यावर येते, उघड्या हाताने पाना धरला तर कातडी त्याला चिकटते. तेल बदलताना चुकून बर्फावर सांडले तर तो बर्फ खरवडून पिंपात भरायचा आणि पिंप जहाजाने परत. कचऱ्याचेही तेच, मागे काही ठेवायचे नाही. मुलाला सांगा, पातळ रेशमी आतले हातमोजे भरपूर ने. जाड मोज्यांत नट धरता येत नाही आणि हात उघडा ठेवता येत नाही, सगळी कला त्या मधल्या मोज्यात आहे.

आणि सूर्य. मेअखेरीस तो मावळतो आणि जुलैच्या उत्तरार्धात परत येतो. या जवळजवळ दोन महिन्यांत माणसे गप्प होतात, क्षुल्लक गोष्टीवरून बिनसते, झोपेचे गणित चुकते. २१ जूनला सगळे तळ मिळून मध्य-हिवाळ्याचा सण करतात, एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. त्या दिवसापासून उतार सुरू. मेकॅनिकचे एक बरे असते, त्याला रोज काही ना काही बिघडलेले मिळते. रिकाम्या हाताच्या माणसाला काळोख जास्त खातो. तेव्हा ताई, पोराला घरच्या कटकटी फोनवर सांगू नका. गाईने काय खाल्ले आणि शेजारी कोणाचे लग्न ठरले, एवढेच सांगा.

गोव्यात बर्फ पडत नाही. मग ध्रुवांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था वास्कोत कशी? आमच्या सरांनाही उत्तर आले नाही.
— इयत्ता अकरावी, पेडणे

बाय, उत्तर बंदरात आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली ती मुरगाव बंदरातून. जहाज नॉर्वेचे, नाव ‘पोलर सर्कल’, माणसे एकवीस, नेते डॉ. सय्यद झहूर कासिम. बर्फावर पाय लागेपर्यंत सगळे गुप्त ठेवले होते. ९ जानेवारी १९८२ ला ते तिथे उतरले आणि फेब्रुवारीत गोव्यालाच परत आले. दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था तेव्हा होतीच, समुद्र जाणणारी माणसे हाताशी होती. पुढे १९९८ मध्ये सड्यावर वेगळे ध्रुवीय केंद्र उभे राहिले. आज त्याचे पूर्ण नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र.

गोव्यात बर्फ नाही हे तुझे म्हणणे मात्र अर्धेच खरे. त्या केंद्रात उणे वीस अंशांच्या खोल्या आहेत आणि त्यांत अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे लांब दंडगोल ठेवले आहेत. मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा आणि आत पोरे-पोरी फुगलेली जाकिटे घालून करवतीने बर्फ कापताहेत, हे मी पाहिले आहे. सरांना म्हणावे, शाळेची सहल काढा आणि आधी पत्र लिहून परवानगी घ्या.

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीत ॲमुंडसेन जिंकला आणि स्कॉट मेला. स्कॉट दुर्दैवी होता की बेफिकीर?
— एक वाचक, कुडचडे

याची मोठमोठी उत्तरे विद्वानांनी दिली आहेत : कुत्रे की घोडे, हवामान, स्वभाव. मी वॉशरपासून सुरुवात करतो.

नॉर्वेचा ॲमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचला, ब्रिटनचा स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला. परतीच्या वाटेवर स्कॉटने जागोजागी रॉकेलचे डबे ठेवले होते. रॉकेल म्हणजे तिथे नुसती ऊब नव्हे, पाणीसुद्धा, कारण बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला थेंब नाही. त्या डब्यांच्या बुचांना चामड्याचे वॉशर होते. थंडीत चामडे आकसले, कडक झाले, आणि डबे न उघडताच अर्धवट रिकामे झाले. थंडीत रॉकेल निसटते हे त्या काळच्या ध्रुवीय लोकांना ठाऊक होते. ॲमुंडसेनने आपल्या डब्यांना डाग देऊन ते पक्के बंद केले होते.

दुसरी गोष्ट मला आणखी लागते. स्कॉटने तीन मोटारघसरगाड्या नेल्या होत्या. एक जहाजावरून उतरवतानाच बर्फ फोडून समुद्रात गेली. उरलेल्या दोन ध्रुवाच्या वाटेवर लवकरच बंद पडल्या. आणि त्या गाड्या ज्याने घडवल्या तो इंजिनिअर रेजिनाल्ड स्केल्टन बर्फावर नव्हताच! त्याचा हुद्दा मोहिमेतल्या उपप्रमुखाला अडचणीचा वाटला म्हणून त्याला घरी ठेवले. यंत्र न्यायचे आणि यंत्र जाणणारा माणूस ठेवून जायचा, हा प्रकार मी बर्फ नसलेल्या ठिकाणीही पुष्कळ पाहिला आहे.

स्कॉट आणि त्याचे शेवटचे दोन सोबती मार्चअखेर तंबूत मेले. अन्नाचा मोठा साठा तिथून वीसएक किलोमीटरवर होता. त्या वर्षीचा मार्च फार कडक होता, म्हणजे दुर्दैव होतेच. पण दुर्दैव गळक्या डब्यातूनच आत येते असे माझे मत.

पांढरी अस्वले पेंग्विनना खातात का? तुम्ही इग्लूत राहत होता का?
— इयत्ता चौथी, मडगाव (आणि अशीच बरीच पत्रे)

नाही आणि नाही. पांढरी अस्वले उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. त्यांची भेट होत नाही. उत्तरेत स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंद गावात भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे, २००८ पासून. तिथे गावाबाहेर पडताना अस्वलाच्या भीतीने बंदूक बरोबर घेतात. दक्षिणेत बंदूक लागत नाही. मैत्रीजवळ पेंग्विनही सहसा दिसत नाहीत, कारण समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब आहे. स्कुआ नावाचा पक्षी मात्र येतो आणि हातातली पोळी पळवतो. आम्ही राहायचो ते खांबांवर उभारलेल्या घरात.

आमच्या वाड्यावर एप्रिल-मेमध्ये टँकरने पाणी येते. अशा देशाने बर्फावर पैसा का ओतावा? उत्तर गुळगुळीत नको.
— निवृत्त शिक्षक, डिचोली

गुरुजी, बर्फावर झेंडा रोवून फोटो काढायला माणूस पाठवला असेल तर तो पैसा वायाच, तुमच्या बाजूने मी सही करतो. पण तळ चालू ठेवण्याची गोष्ट निराळी आहे, आणि ती समजायला एक उदाहरण पुरेल.

ब्रिटिशांचा अंटार्क्टिकातला हॅली तळ १९५७ पासून आकाशातला ओझोन मोजत होता. एकच उपकरण, एकच काम, वर्षामागून वर्षे. कोणालाही विचारले असते तर ‘बंद करा हे’ असेच म्हणाला असता. मग १९७० च्या दशकाच्या शेवटाकडे तिथल्या वसंतातले आकडे घसरू लागले. घसरण खरी आहे याची खात्री करून फारमन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी १९८५ मध्ये ते छापले. दोनच वर्षांत माँट्रियलचा करार झाला, फ्रिज आणि स्प्रेमधले ओझोन खाणारे वायू जगभर बंद होत गेले. आता २०६६ च्या आसपास अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. मागची वीस-पंचवीस वर्षांची कंटाळवाणी वही नसती तर घसरण कशावरून ठरवली असती?

आमच्या मैत्रीवरही असेच चालते. हवामान खात्याचा माणूस वादळातही ठरल्या वेळी नोंद घेतो. पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची उपकरणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची थरथर लिहितात. वीज दहा मिनिटे गेली तर त्या वहीत भोक पडते, आणि ते भोक कुठल्याही पैशाने नंतर भरता येत नाही. जनरेटरच्या खोलीत झोपलेल्या माणसाला हे शास्त्रज्ञाइतकेच कळते.

बर्फाच्या दंडगोलांचे वर लिहिले. बर्फ साचताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, खोल जाल तितकी जुनी हवा. युरोपीय तुकडीने डोम सी या ठिकाणी सव्वातीन किलोमीटर खोल भोक पाडून आठ लाख वर्षांची हवा बाहेर काढली. त्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत तीनशेच्या आसपासच्या वर गेला नव्हता. आज तो चारशे वीसच्या पुढे आहे. हे कोणाचे मत नाही, बुडबुड्यात मोजलेला आकडा आहे.

आता गोव्याचे. अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र अठ्ठावन्न मीटर चढेल. तो सगळा वितळायला फार फार काळ लागेल, त्या आकड्याने मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी वीस सेंटीमीटर चढला आहे. त्याला मुख्यतः पाण्याचे तापून फुगणे आणि डोंगरांतल्या हिमनद्या कारण. इथून पुढे अंटार्क्टिका किती भर घालणार, हा खरा हिशेब आहे. आपली खाजने, म्हणजे खाडीकाठची शेते, भरतीच्या पाण्याखालच्या पातळीवर आहेत. बांध आणि मानशी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारी दारे, यांच्या जोरावर ती शेते टिकली आहेत. दिवाडी-चोडणला मानशीची फळी सांभाळणाऱ्या माणसाला वीस सेंटीमीटर म्हणजे काय ते विचारा. बांध किती उंच करायचा हे ठरवायला कोणीतरी दक्षिणेकडे बसून मोजायला हवे.

पाऊसही तिकडून हलतो. दक्षिण हिंदी महासागरात मॅस्करीन बेटांजवळ हवेचा जो उच्चदाब तयार होतो, तो आपल्या नैऋत्य वाऱ्यांना मागून रेटतो. त्या महासागराच्या मोहिमा वास्कोच्याच केंद्रातून २००४ पासून जातात. शिवाय अंटार्क्टिकातल्याच लार्समन टेकड्यांवरच्या आपल्या ‘भारती’ तळावर इस्रोचे केंद्र आहे. ध्रुवावरून जाणारे उपग्रह दिवसातून अनेकदा तिथून जातात आणि आपली चित्रे तिथे उतरवतात.

टँकरचा प्रश्न याने सुटत नाही. तो पंचायतीला आणि पाणीपुरवठा खात्याला विचारायचा, आणि माझ्यापेक्षा कडक शब्दांत.

मुलींना संधी आहे का? घरचे म्हणतात, ते पुरुषांचे काम.
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, ताळगाव

घरच्यांना अदिती पंत यांचे नाव सांगा. नागपूरच्या, पुण्यात शिकलेल्या, दोना पावलाच्या संस्थेत समुद्रविज्ञानाचे काम केलेल्या. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या महिला त्याच. मंगला मणी यांनी इस्रोच्या कामासाठी २०१६-१७ मध्ये भारती तळावर वर्षाहून अधिक काळ काढला, वय छप्पन्न. तेव्हा तुमच्याकडे वेळही भरपूर आहे.

वाट दोन प्रकारची. संशोधनासाठी तुमच्या विद्यापीठाने किंवा संस्थेने प्रस्ताव द्यायचा. मंजूर झाला की त्यातली माणसे जातात. तळ चालवण्यासाठी डॉक्टर, आचारी, वेल्डर, वाहन मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन अशी माणसे करारावर घेतात, त्याच्या जाहिराती निघतात. प्रवास पूर्वीसारखा गोव्याहून जहाजाने नाही. केपटाउनपर्यंत विमान, तिथून मालवाहू विमानाने सहाएक तासांत थेट बर्फाच्या धावपट्टीवर. ताळगावच्या पठारावरून वास्कोचे केंद्र तासाभराच्या अंतरावर आहे. पीएच.डी.चा विषय ठरायच्या आधी एकदा तिथे जाऊन बोलून या, नंतर नव्हे.

वडिलांच्या संग्रहात ‘दक्षिण गंगोत्री’ असा शिक्का असलेले पाकीट आहे. ते टपाल कार्यालय अजून आहे का? मला नवा शिक्का मिळेल?
— तिकीटसंग्राहक, म्हापसा

पाकीट जपा, ते कार्यालय आता नाही. दक्षिण गंगोत्री हा आपला पहिला तळ, १९८३-८४ मध्ये बांधलेला, तोही समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या जाड थरावर. बर्फाच्या पठारावर उभ्या राहिलेल्या कुठल्याही वस्तूच्या आडोशाला वारा बर्फ आणून टाकतो. दरवर्षी थोडा थोडा करत तळ बुडत गेला, आत उतरायला वरून वाट करावी लागे. १९९० मध्ये तो बंद केला. म्हणून १९८९ चा मैत्री शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर, खांबांवर बांधला. वारा खालून निघून जातो, बर्फ साठत नाही. शेजारी प्रियदर्शिनी तळे आहे, पिण्याचे पाणी त्याचेच. हिवाळ्यात त्याची पाइपलाइन गोठू न देणे हे आमच्यातल्या प्लंबरचे एकमेव ध्येय असे.

टपाल कार्यालय १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीला सुरू झाले, १९९० मध्ये मैत्रीला आले, आणि एप्रिल २०२४ मध्ये भारतीलाही शाखा उघडली. तिचा प्रायोगिक पिनकोड एमएच-१७१८, म्हणजे टपालखात्याच्या हिशेबात अंटार्क्टिका महाराष्ट्र परिमंडळात आणि गोवा विभागाखाली येतो. पाकिटे गोव्याच्या ध्रुवीय केंद्रात जमा होतात, मोहिमेबरोबर जातात, तिथे शिक्का बसतो आणि मोहिमेबरोबरच परत येतात.

तुम्ही म्हापशाच्या पोस्टात चौकशी करा आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट मोहीम निघायच्या बरेच आधी, पावसाळा संपेपर्यंत द्या. परत यायला वर्ष लागले तर तक्रार करू नका. तिकीट नीट चिकटवा, साध्या गोंदाने. मोहिमेच्या खोक्यातून सुटी तिकिटे गोळा करत बसायला तिथे कोणाला वेळ नसतो.